आवडतं पुस्तक पुन्हा वाचताना

बऱ्याचदा वाचलेलं एखादं पुस्तक कपाटातून काढा, टेबलावर कण्यावर उभं धरा आणि दोन्ही बाजूंचे हात हळूच सोडा. नवं पुस्तक कुठेही उघडेल, पण लाडकं पुस्तक बहुतेक वेळा एकाच जागी उघडतं. तिथे कण्यातला गोंद तडकलेला असतो, पानाचा खालचा कोपरा बोटांनी काळवंडलेला असतो, कधी खुणेसाठी ठेवलेलं एसटीचं जुनं तिकीट तिथेच अडकून राहिलेलं असतं. पुस्तक हातात घेतलं की ते पान आपसूक समोर येतं, समोर आलं की वाचलं जातं आणि वाचताना कणा तिथेच आणखी थोडा तडकतो. पुढच्या वेळी ते आणखी सहज उघडतं.

डोक्यातही असंच घडतं. जो प्रसंग आवडला तो आठवतो, आठवला म्हणून पुन्हा वाचला जातो, वाचला म्हणून आणखी पक्का होतो. आजूबाजूची पानं मात्र पुसट होत जातात. पाच वेळा वाचलेल्या कादंबरीतलाही मधला शंभर पानांचा पट्टा धड सांगता येत नाही, तो यामुळे. पुन्हा वाचण्यातलं सुख ओळखीतून येतं आणि तोटाही त्याच ओळखीतून येतो. ही ओळख कशी तयार होते, कुठे साथ देते आणि कुठे चकवते, ते एकदा नीट पाहून ठेवलं तर जुन्या पुस्तकातून बरंच नवं हाती लागतं.

ओझं उतरतं तेव्हा

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत. ते छोट्या उड्या मारतात आणि प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतात. मजकूर वाचला जातो तो या थांब्यांवर. मधूनच डोळे मागेही जातात, कारण नाव विसरलेलं असतं, वाक्य लागलेलं नसतं किंवा ‘तो’ म्हणजे नेमका कोण हे कळलेलं नसतं. इंग्रजी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा शंभरातल्या दहा ते पंधरा उड्या अशा मागे जाणाऱ्या निघाल्या. तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचायला दिला की थांबे कमी होतात, प्रत्येक थांबा आखूड होतो आणि मागे जाणंही घटतं.

वेग वाढतो, पण खरी कमाई ती नव्हे. पहिल्या वाचनात डोक्यावर फार ओझं असतं. वाड्यातल्या एकत्र कुटुंबावरची कादंबरी घ्या. पहिल्या चाळीस पानांत अण्णा, तात्या, माई, दोन जावा, माहेरी परत आलेली आत्या, गडीमाणसं आणि माजघरापासून परसापर्यंतच्या जागा येतात. कोण कुणाचं कोण, हे ध्यानात ठेवण्यातच निम्मं लक्ष खर्च होतं. उरलेलं ‘पुढे काय होणार’ यात जातं. दुसऱ्या वाचनात ही दोन्ही ओझी उतरलेली असतात, त्यामुळे काय घडलं यापेक्षा ते कसं सांगितलं आहे याकडे बघायला सवड मिळते.

समजा, एका कथेच्या तिसऱ्या परिच्छेदात आई रात्रीच्या जेवणाची ताटं घेते. घरात माणसं चार. ती पाच ताटं घेते, एक परत मांडणीवर ठेवते आणि आमटी गार होतेय म्हणून सगळ्यांना हाक मारते. पहिल्यांदा वाचताना हे वाक्य घरकामाचं वर्णन म्हणून निघून जातं. शेवटच्या पानावर कळतं की थोरला मुलगा सहा महिन्यांपूर्वी वारलाय. आता कथा पुन्हा वाचा. त्या पाचव्या ताटापाशी थांबल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तिसऱ्या वाचनात आणखी काही दिसतं. लेखकानं त्या ताटाला अर्धंच वाक्य दिलंय आणि आमटीला पूर्ण वाक्य. घरातल्या बाकी कुणाचीही नजर त्या ताटाकडे गेल्याचं लिहिलेलं नाही. आई काही बोलत नाही, हाक मारते, आणि ती हाक सगळ्यांना मिळून आहे, कुणाच्या नावानं नाही. इतकं सगळं त्या तीन ओळींत पहिल्या दिवसापासून होतं. ते दिसायला शेवट माहीत असावा लागतो.

शेवट आधी कळला की मजा जाते, अशी आपली पक्की समजूत असते. २०११ साली सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी बारा लघुकथा घेऊन हे तपासलं. काही वाचकांना कथा तशीच दिली, काहींना आधी शेवट सांगून दिली. ज्यांना शेवट माहीत होता त्यांनी कथांना सरासरीनं जास्त गुण दिले, अगदी रहस्यकथांनाही. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही आढळलं, त्यामुळे हा नियम म्हणून धरून चालू नये. पण ज्या पुस्तकाचा जीव फक्त शेवटच्या धक्क्यात असतो आणि ज्याचा जीव पानापानांत असतो, त्यांतला फरक दुसऱ्या वाचनातच कळतो, एवढं खात्रीनं सांगता येतं.

आठवणीतलं पुस्तक वेगळंच असतं

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विसरण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. त्यांची युक्ती साधी होती. काय आठवतं ते विचारायचं नाही, तेच पुन्हा पाठ करायला किती श्रम कमी लागतात ते मोजायचं. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ केल्यावर वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसानं सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. घसरण सुरुवातीला जोरात होते आणि मग मंदावते. पूर्ण विसरलो असं वाटतं तेव्हाही तळाशी काही उरलेलं असतं.

ते किती खोल असू शकतं याचं एक विलक्षण उदाहरण आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड बर्ट यांनी आपल्या मुलाला तो सव्वा वर्षाचा असल्यापासून तीन वर्षांचा होईपर्यंत प्राचीन ग्रीक नाटकातले वीस-वीस ओळींचे उतारे रोज वाचून दाखवले. मुलाला ग्रीकचा गंधही नव्हता. साडेआठ वर्षांचा झाल्यावर त्याला काही जुने आणि काही त्याच तोडीचे नवे उतारे पाठ करायला दिले. नव्यांना सरासरी ४३५ आवर्तनं लागली, जुन्यांना ३१७. चौदाव्या वर्षी हा फरक आठ टक्क्यांवर आला आणि अठराव्या वर्षी उरलाच नाही. ज्या घरांत संध्याकाळी रामरक्षा किंवा हरिपाठ म्हटला जातो, तिथे मांडीवरचं मूल अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी काय साठवत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

हे झालं शब्दांचं. गोष्टीचं वेगळं असतं. ती नुसती पुसट होत नाही, बदलते. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना दोनदा वाचायला दिली आणि निरनिराळ्या अंतरानं ती लिहून काढायला सांगितली. १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात हे प्रयोग आहेत. कथेतल्या खास डोंग्या साध्या बोटी झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, न समजलेले तुकडे गळाले आणि उरलेल्यांना वाचकांनी आपापली कारणं जोडली. आपणही हेच करतो. पंधरा वर्षांपूर्वी वाचलेल्या कादंबरीतला नायक आठवणीत जास्त शूर झालेला असतो, त्याची बायको जास्त गप्प झालेली असते आणि चित्रपट पाहिला असेल तर दोघांना नटांचे चेहरे मिळालेले असतात.

म्हणून पुस्तक उघडण्याआधी दहा मिनिटांचं एक काम करावं. कागद घ्या आणि आठवतं ते लिहा. मुख्य माणसांची नावं, घटनांचा क्रम, शेवट, एक प्रसंग जितका बारीक आठवेल तितका, आणि हे पुस्तक का आवडलं होतं याचं एका वाक्यात उत्तर. एका पाठकोऱ्या कागदावर सगळं मावतं. हा कागद पुस्तकात ठेवू नका, नाहीतर मध्येच बघितला जातो. वाचून झाल्यावर दोन्ही ताडून पाहा. जिथे आठवण आणि पुस्तक जुळत नाही ती पानं फेरवाचनातली सगळ्यांत मोलाची. एखाद्या माणसाच्या तोंडचं वाक्य तुम्ही दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं निघतं, जो प्रसंग तुमच्या डोक्यात आठ पानांचा आहे तो छापील अडीच ओळींचा निघतो. त्या अडीच ओळींनी तुमच्याकडून आठ पानं कशी रचून घेतली, हे शोधण्यात जो आनंद आहे तो पहिल्या वाचनात मिळूच शकत नाही.

पारायण, उजळणी आणि फेरवाचन

पुन्हा वाचण्याची कला मराठीला नवी नाही, आणि तिच्या निरनिराळ्या तऱ्हांसाठी आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. त्यांची गल्लत केली की अपेक्षाभंग होतो.

पारायणात मजकूर, क्रम आणि गती ठरलेली असते. गुरुचरित्राच्या सप्ताहाची एक प्रचलित विभागणी अशी आहे: पहिल्या दिवशी १ ते ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी शेवटपर्यंत. पाचव्या दिवशी तीनच अध्याय येतात, कारण अध्याय सारखे लांब नाहीत. वाचन मोठ्यानं, ठरल्या वेळी, एकाच जागी बसून. इथे आवडता अध्याय आधी घेण्याची किंवा कंटाळवाणा गाळण्याची मुभा नाही, आणि हेच पारायणाचं बळ आहे. ज्या पानावर पुस्तक आपोआप उघडतं तिथे न जाता सगळी पानं समान मानानं वाचली जातात.

ज्ञानेश्वरीत अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. सात दिवसांच्या पारायणात रोज जवळजवळ तेराशे ओव्या होतात, म्हणजे सराईत वाचकालाही दोन-अडीच तासांची बैठक. त्याच परंपरेत नामदेवांनी एक तरी ओवी अनुभवावी असंही सांगून ठेवलंय. रोज एकच ओवी घ्यायची म्हटलं तर ग्रंथाला साडेचोवीस वर्षांहून जास्त लागतील. एकाच ग्रंथाच्या या दोन चाली शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदल्या आहेत. पहिलीत लय आणि सबंध आकार कळतो, दुसरीत शब्दाचं वजन. आजच्या कादंबरीला किंवा कवितासंग्रहाला हे दोन्ही वेग लावून बघण्यासारखे आहेत: आधी एका सुट्टीत सलग, आणि मग त्यातलं एकच प्रकरण आठवडाभर, रोज चार-पाच पानं, मोठ्यानं. मोठ्यानं वाचलं की ओळखीच्या वाक्यांवरून डोळ्यांना उडी मारता येत नाही, जिभेला प्रत्येक शब्द उच्चारावाच लागतो.

उजळणी म्हणजे विसरू नये म्हणून केलेलं वाचन. तिची वेगळी गोष्ट खाली येते. फेरवाचन म्हणजे परत एकदा, पण मोकळ्या मनानं, पुस्तकाला काहीतरी विचारत केलेलं वाचन. विसाव्यासाठी वाचणं हा आणखी एक प्रकार, ज्याला वेगळा शब्द नाही. आजारपणात, परगावी एकटं असताना, परीक्षेच्या आदल्या रात्री जे पुस्तक हात आपोआप शोधतो ते. त्यात नवं काही मिळवायचं नसतं. पुढच्या पानावर काय आहे हे माहीत असणं, एवढंच हवं असतं. या वाचनाला कमी लेखायचं कारण नाही.

लहान मुलं ‘पुन्हा तीच गोष्ट’ म्हणून हट्ट धरतात तेव्हा मोठी माणसं कंटाळतात. ससेक्स विद्यापीठातल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या काही मुलांना आठवडाभरात त्याच तीन गोष्टी परत परत वाचून दाखवल्या, काहींना नऊ वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे तितक्याच वेळा कानावर पडले होते. शब्द जास्त शिकली ती त्याच गोष्टी ऐकणारी मुलं. कारण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोष्ट समजून घेण्याचं काम संपलेलं असतं आणि लक्ष अनोळखी शब्दाकडे जातं. वाड्यावरच्या कादंबरीत मोठ्यांचं जे होतं तेच.

समजल्याचा भास

आता तोट्याकडे. ओळखीचं वाक्य सहज वाचलं जातं. सहज वाचलं गेलं की मन म्हणतं, हे मला येतं. पण ओळखता येणं आणि सांगता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रोज बसमध्ये दिसणारा चेहरा गर्दीत ओळखता येतो, त्याचं चित्र काढता येत नाही.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन उतारे सात-सात मिनिटं वाचले. मग त्यांतला एक उतारा आणखी सात मिनिटं वाचला, दुसरा मिटून आठवेल ते लिहिलं. ज्यांची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली त्यांना पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५. ज्यांची आठवड्यानंतर घेतली त्यांच्यात चित्र उलटलं: पुन्हा वाचलेला उतारा ४२ टक्के, आठवून लिहिलेला ५६. दुसऱ्यांदा वाचल्यावर जी खात्री वाटते ती त्या पाच मिनिटांपुरती खरी असते. पुण्यातल्या अभ्यासिकांत एकाच संदर्भग्रंथाची पाच-पाच आवर्तनं करणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी हे आकडे भिंतीवर चिकटवावेत असे आहेत. ग्रंथ चांगला, मेहनत खरी, तरी पेपरात उत्तर अर्धवट सुचतं, कारण सराव फक्त ओळखण्याचा झालेला असतो.

दुसरी चूक अंतराची. रॉसन आणि किंच यांच्या २००५ च्या प्रयोगात काहींनी लांब मजकूर लागोपाठ दोनदा वाचला, काहींनी आठवड्याचं अंतर ठेवून. लगेच परीक्षा घेतली तर लागोपाठवाले सरस, दोन दिवसांनी घेतली तर अंतर ठेवणारे सरस. तेव्हा अभ्यासाचं पुस्तक संपलं की त्याच रात्री पहिल्या पानावर जाऊ नये. आठवडाभर थांबावं. उघडण्याआधी त्या प्रकरणातले मुद्दे कोऱ्या कागदावर काढावेत आणि जिथे हात अडला तेवढीच पानं बारकाईनं वाचावीत. अख्खं प्रकरण परत वाचण्यापेक्षा यात वेळ कमी जातो, आणि शीण जास्त होतो. तो शीण हेच काम होत असल्याचं लक्षण.

ललित पुस्तकालाही हा भास होतो, फक्त तिथे परीक्षा नसल्यामुळे कळत नाही. वीस वर्षांपूर्वी एका पात्राबद्दल जे मत झालं तेच प्रत्येक वाचनात डोळ्यांसमोर उभं राहतं आणि त्या मताला पुष्टी देणाऱ्या ओळीच दिसत जातात. यावर उपाय म्हणजे मुद्दाम दुसऱ्या दारानं आत शिरणं. नायकाऐवजी घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाचा धागा धरा आणि तो किंवा ती ज्या ज्या पानावर येते तिथे पेन्सिलीची बारीक टिंबं द्या. तीनशे पानांत पंधरा-वीस टिंबं झाली की ती पानं सलग वाचा. किंवा नेहमी गाळता ते वर्णनाचं प्रकरण आधी वाचा. किंवा फक्त पैशाचा माग काढा: कोण कमावतं, कोण मागतं, कर्ज कुणाच्या नावावर आहे. मराठी कौटुंबिक कादंबऱ्यांत या शेवटच्या प्रश्नानं जेवढं उलगडतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशानं उलगडत असेल.

आवडतं पुस्तक आवडेनासं होतं तेव्हा

याची भीती वाटून पुष्कळ वाचक जुन्या पुस्तकाला हातच लावत नाहीत. ती भीती खरी आहे. सतराव्या वर्षी ज्या नायकाचं वागणं बाणेदार वाटलं, ते चाळिशीत नुसतं हेकट वाटू शकतं. जात, रंग, जाडेपणा किंवा बायकांची अक्कल यांवरचे जे विनोद तेव्हा सगळ्या घरानं मिळून हसून ऐकले, ते आता मुलीला वाचून दाखवताना आवाज अडतो. पुस्तक तेच आहे, शब्दही तेच. दुसरं वाचन पहिल्याची जागा घेतं आणि पहिल्या वेळची गोडी शुद्ध रूपात परत मिळत नाही. हा तोटा भरून येत नाही, तो मान्य करूनच पुस्तक उघडावं.

पण निकाल घाईनं लावू नये. पहिली पन्नास पानं बहुधा निराशेचीच जातात, कारण मन अजून आठवणीतल्या पुस्तकाशी तुलना करत असतं. पन्नास पानांनंतरही रस वाटला नाही तर खुशाल मिटावं. आणि कशानं बिनसलं ते लिहून ठेवावं: भाषा जुनी वाटली, माणसं पुठ्ठ्याची वाटली, की लेखकाची नजरच खटकली. पहिल्या कारणावर वेळ हा उपाय असतो, दुसऱ्यावर नाही. तिसऱ्या बाबतीत पुस्तक आवडतं राहू शकतं, फक्त ते निमूट वाचायचं पुस्तक न राहता वाद घालत वाचायचं होतं.

कधी दोष वाचकाचा नसतो, प्रतीचा असतो. १९६२ साली महाराष्ट्र शासनानं साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गांव’, ‘घरांत’ अशी पानं भरलेली असत. आजोबांच्या प्रतीतून वाचलेलं पुस्तक नव्या आवृत्तीत घेतलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं ते बरेचदा या टिंबांमुळे. नव्या आवृत्तीत प्रस्तावना, चित्रं, कधी एखादं प्रकरणसुद्धा गळलेलं असतं, म्हणून श्रेयनामावलीच्या पानावर ‘संक्षिप्त’ किंवा ‘सुधारित’ असा शब्द आहे का ते आधी बघावं. परत परत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाला ही झीज लागतेच. हातानं नकला होत गेल्या तसे ज्ञानेश्वरीतही अपपाठ शिरले होते, आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथरचनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी ती शुद्ध करून ठेवली.

किती दिवसांनी, आणि वेळ कुठून आणायचा

तीनशे पानांच्या कादंबरीला, पानाला पावणेदोन मिनिटं धरली तर, पावणेनऊ तास लागतात. महिन्याला एक पुस्तक संपवणारा वाचक चाळीस वर्षांत ४८० पुस्तकं वाचतो. प्रत्येक फेरवाचन त्यातली एक जागा घेतं. वर्षाच्या बारांतली तीन जुन्यांना द्यावीत, नऊ नव्यांना, असं आमचं मत. याहून जास्त जुनी झाली की जुन्यांशी ताडून बघायला नवं काहीच उरत नाही, आणि तीही शिळी वाटू लागतात.

कवितेला हा हिशेब लागू नाही. कविता आजची उद्या वाचावी, महिनाभर वाचावी, पाठ झाली तर उत्तमच. नाटक दुसऱ्यांदा वाचताना रंगसूचना आधी वाचून काढाव्यात आणि मग संवाद. विनोदी लेखन सहा महिन्यांतही चालतं, कारण तिथे हसू येतं ते वाक्याच्या ठेक्याला, आणि ठेका गाण्यासारखा परत ऐकता येतो. गुन्हेगार कोण एवढ्याच प्रश्नावर उभी असलेली रहस्यकथा मात्र नाव पुरतं विसरल्याशिवाय घेऊ नये. अपवाद एकच, लेखकानं सुगावे कसे पेरलेत ते शिकायचं असेल तेव्हा लगेच घ्यावी. आत्मचरित्राला मोठं अंतर हवं. लेखकानं ज्या वयाबद्दल लिहिलंय त्या वयाला आपण पोचलो की ते नव्यानं कळतं. मोठ्या कादंबरीला सात-आठ वर्षं तरी द्यावीत.

प्रत्येक वाचनाची तारीख आणि गाव पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहा. खुणा करायच्या तर प्रत्येक वेळी वेगळ्या: पहिल्यांदा समासात उभी रेघ, दुसऱ्यांदा टिंब, तिसऱ्यांदा चौकट. बॉलपेन नको, शाई मागच्या पानावर उमटते आणि दाबाचा वळ कायमचा राहतो. हायलायटर तर नकोच, कारण पुढच्या वेळी डोळा फक्त त्या पिवळ्या पट्ट्यांवरूनच उड्या मारत जातो.

पुस्तक किती वाचनं झेलेल हे बांधणीवर ठरतं. वरून कणा बघा. पानांचे छोटे छोटे गठ्ठे, म्हणजे फर्मे, दुमडून शिवलेले दिसले तर ते पिढ्यान् पिढ्या टिकतं. नुसतीच सपाट कापलेली कड गोंदात बसवलेली असेल तर पुस्तक उताणं दाबून उघडू नये. नवं असतानाच कणा टेबलावर टेकवून पुढून आणि मागून दहा-दहा पानं हलक्या हातानं उघडत मधोमध यावं, म्हणजे ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. कडेला पांढऱ्या गोंदाची काडीएवढी बारीक रेघ ओढून, पान आत सरकवून, वर वजन ठेवून रात्रभर सोडावं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, पुस्तकं घट्ट कोंबू नयेत आणि पंधरा दिवसांतून एकदा पंख्याखाली पानं फडफडवावीत. कसर लागते ती दमट, अंधाऱ्या आणि कुणी हात न लावलेल्या जागी.

कणा पुरता गेला तर बाइंडरकडे नेताना ‘कड कापू नका’ असं आधी सांगावं, नाहीतर समासातल्या खुणा कापल्या जातात. फर्मे शाबूत असतील तर नवी शिलाई मागावी. नव्यानं बांधलेलं पुस्तक काही महिने ओळखीच्या पानावर आपोआप उघडत नाही, तेव्हा ते बांधून आल्यावर लगेच वाचायला घ्यावं. पण पानाचा कोपरा दोनदा दुमडल्यावर तुटून हातात येत असेल, तर कागदात जीव उरलेला नाही. तो सुईचं टोक सोसणार नाही. अशी प्रत दोऱ्यानं हलकी बांधून, कागदात गुंडाळून आडवी ठेवावी आणि वाचायला दुसरी प्रत घ्यावी.